हृदयातलं कॅल्शियम: वरच्या कप्प्याचं वेगळं, खालच्याचं वेगळं

परभणीकडच्या एका मुलीचा प्रश्न आलाय, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रश्न थोडक्यात असा: आजीला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधला) आखडला, आता एट्रियल फिब्रिलेशन झालंय, म्हणजे वरचे कप्पे, एट्रियम, वेडेवाकडे फडफडतात, ठोके सावकाश ठेवणारं डिगॉक्सिन आणि लघवीची गोळी चालू आहे. टूडी इकोत 'व्हॉल्व्ह कॅल्सिफाइड' असं लिहून आलंय म्हणून घरच्यांनी आजीचं दूध बंद केलं, हाडाच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही बंद केल्या. आणि इकडं फिजिओलॉजीत शिकवायलेत की कॅल्शियमशिवाय हृदय आकुंचन पावतच नाही. मग खरं काय, सगळ्या कप्प्यांत कॅल्शियमचं काम सारखंच चालतं का, आणि आजीच्या वरच्या कप्प्याचं नेमकं काय बिघडलं.

बेटा, आधी दुधाचं सांगतो कारण ते आजच चालू करायचंय. व्हॉल्व्हवर जे कॅल्शियम दिसतंय ते दुधातून जाऊन तिथं बसलेलं नाही. वर्षानुवर्षं सूज येऊन येऊन व्हॉल्व्हचे पडदे जाड झाले, चिकटले, त्या खराब झालेल्या जागी कॅल्शियमचे क्षार साचले, एवढंच ते. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, दर १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. दूध तोडलं तर रक्तातली पातळी टिकवायला पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून कॅल्शियम काढायला लावते, म्हणजे व्हॉल्व्ह आहे तसाच राहतो आणि साठीच्या पुढच्या बाईचं हाड तेवढं ठिसूळ होतं. गोळ्यांचं मात्र वेगळं आहे, डिगॉक्सिन चालू असताना त्याला थोडा विचार लागतो, ते शेवटी सांगतो.

आता हृदयाच्या पेशीतलं कॅल्शियम. हे तिसरंच प्रकरण आहे, ना व्हॉल्व्हवरचं ना हाडातलं. दोन ठोक्यांच्या मधे पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम असतं साधारण १०० नॅनोमोलर, आणि पेशीच्या बाहेर असतं १ मिलिमोलरच्या थोडं वर, म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा जवळपास दहा हजार पट जास्त. ठोका पडला की आतलं कॅल्शियम दहा पट वाढून १ मायक्रोमोलरच्या आसपास जातं आणि लगेच परत खाली येतं, आणि हे चढणं उतरणं दर ठोक्याला, पाऊण एक सेकंदात, जन्मभर. आजीनं दूध पिलं काय न पिलं काय, या चढउताराला त्यानं फरक पडत नाही. फरक पडतो तो चार गोष्टींनी: कॅल्शियम कुठून आत येतं, पेशीत किती आतपर्यंत पसरतं, किती वर जातं आणि किती झपाट्यानं परत खाली जातं. या चारही गोष्टी वरच्या कप्प्यात वेगळ्या आणि खालच्या कप्प्यात वेगळ्या आहेत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

कॅल्शियम लागतं हे कळलं कसं तेही बघ, कारण ते लक्षात राहतं. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात चालवून बघत होते, १८८२ चं काम. द्रावण बनवलं गेलं होतं नळाच्या पाण्यात, हृदय छान चालत होतं. मग डिस्टिल्ड पाण्यात बनवलं तर हृदय मंदावून बंदच पडायला लागलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, डिस्टिल्डमधे नव्हतं. १८८३ मधे त्यांनी हे छापलं, आपण रिंगर लॅक्टेट म्हणून जी बाटली लावतो त्यातलं रिंगर हेच.

खालच्या कप्प्यापासून सुरू करू कारण पुस्तकात तोच दिलेला असतो. व्हेंट्रिकलच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या, पेशीवर विजेचा झटका आला की पेशीच्या आवरणातली एल-टाइप कॅल्शियम चॅनल नावाची दारं उघडतात, बाहेरचं थोडंसं कॅल्शियम आत येतं. हे थोडंसं आकुंचनाला पुरत नाही, त्याचं काम फक्त आतल्या साठ्याला उठवायचं. आतला साठा म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम, एसआर म्हणू. एसआरवर रायनोडिन रिसेप्टर नावाची दारं असतात, समोरून कॅल्शियम आलं की ती उघडतात आणि साठ्यातलं भरपूर कॅल्शियम बाहेर पडतं. कॅल्शियमनंच कॅल्शियम सुटतं. आता गंमत अशी की एल-टाइप चॅनल आणि रायनोडिन रिसेप्टर यांच्यात अंतर असतं जेमतेम एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढं, त्यापेक्षा लांब असले तर एकाचा निरोप दुसऱ्याला नीट पोचत नाही. एका जागची अशी दारं उघडून जो छोटा भडका दिसतो त्याला कॅल्शियम स्पार्क म्हणतात, चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी १९९३ साली तो पहिल्यांदा दाखवला. एका ठोक्यात असे हजारो स्पार्क एकाच वेळी पेटतात आणि पेटलेले एकमेकांत मिसळून जातात म्हणून आपल्याला पूर्ण पेशीभर एकच सपाट वाढ दिसते.

एकाच वेळी पेटतात हे महत्त्वाचं. ते कशानं होतं तर टी-ट्यूब्यूलमुळं. पेशीचं आवरणच नळीसारखं आत घुसलेलं असतं, जवळपास दर दोन मायक्रोमीटरला एक, त्यामुळं पेशीच्या अगदी मधोमध बसलेल्या रायनोडिन रिसेप्टरच्या शेजारीसुद्धा एल-टाइप चॅनल असतोच. आपल्याकडं जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचं रान डोळ्यापुढं आण. ज्या रानात चारी थेट आतपर्यंत काढलेली आहे तिथं पाणी सोडलं की मधले वाफे आणि कडेचे वाफे बरोबरच भिजतात. आणि ज्या रानात चारी नुसती बांधाकडेनं गेलीय तिथं कडेचे वाफे आधी भिजतात, मधल्यापर्यंत पाणी सरकत सरकत जातं, पाणी कमी पडलं तर मधले कोरडेच राहतात. पहिलं रान म्हणजे व्हेंट्रिकल, दुसरं म्हणजे एट्रियम.

एट्रियमच्या पेशीत टी-ट्यूब्यूल कमी असतात. उंदराच्या एट्रियममधे तर जवळपास नसतातच, मेंढी गाय माणूस अशा मोठ्या प्राण्यांत असतात पण व्हेंट्रिकलपेक्षा विरळ. म्हणून विजेचा झटका आला की आधी पेशीच्या कडेचं कॅल्शियम वाढतं, आणि मग तिथून आतल्या रायनोडिन रिसेप्टरना एकामागून एक उठवत लाट मध्यापर्यंत जाते. शांत बसलेल्या प्राण्याच्या पेशीत ही लाट बऱ्याचदा मध्यापर्यंत पूर्ण जातही नाही, कडेलाच विरते. पण ॲड्रेनॅलिनसारखं काही मिळालं की तीच लाट आतपर्यंत पोचते आणि आकुंचन एकदम जोरदार होतं. म्हणजे एट्रियमकडं एक राखीव ताकद आहे, रोज वापरत नाही, चढ चढताना किंवा डोक्यावर ओझं घेतल्यावर वापरतो. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, आणि फर्स्ट इयरला ती कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

मग एट्रियम कमजोर आहे असं म्हणायचं का, तर नाही, त्याचं कामच वेगळं आहे. डाव्या व्हेंट्रिकलला १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब तयार करून तो टिकवून धरायचा असतो, व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत रक्त ढकलत राहायचं असतं. एट्रियमला दाब थोडाच करायचा असतो, दहाच्या आसपास, पण तो अगदी वेळेवर, व्हेंट्रिकल भरत आलेला असताना शेवटचा एक ढकला द्यायचा आणि लगेच सैल पडायचं, कारण सैल पडलं नाही तर फुफ्फुसाकडून येणाऱ्या रक्ताला जागा मिळत नाही. म्हणून एट्रियमची सगळी रचना लवकर सुरू लवकर बंद अशी आहे. त्याचा ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे दर ठोक्याला पेशीत उठणारी विजेची लाट, आखूड आणि तिकोनी, व्हेंट्रिकलसारखं लांब पठार नाही, त्यामुळं एल-टाइप चॅनलमधून येणारं कॅल्शियमही कमी वेळच येतं. आकुंचनाचं काम करणारं प्रोटीन, मायोसिन, तोही वेगळा, माणसाच्या एट्रियममधे अल्फा मायोसिन भरपूर असतो, तो वेगवान आहे पण ऊर्जा जास्त खातो, आणि व्हेंट्रिकलमधे मुख्यतः बीटा मायोसिन, हळू पण किफायतशीर, दिवसभर दाब धरून ठेवायला तोच परवडतो.

आणि कॅल्शियम परत आत ओढणारा पंप, ज्याला सर्का म्हणतात, तो प्राण्यांच्या अभ्यासात एट्रियममधे व्हेंट्रिकलपेक्षा जास्त सापडलाय. त्या पंपाला दाबून ठेवणारं प्रोटीन म्हणजे फॉस्फोलॅम्बन, ते एट्रियममधे कमी असतं, तिथं सार्कोलिपिन नावाचं दुसरं प्रोटीन ते काम करतं. पंप जास्त, लगाम कमी, म्हणून एट्रियमचं कॅल्शियम झपाट्यानं खाली येतं. उंदरांत तर असंही दिसलंय की एट्रियमच्या एसआरमधला साठा व्हेंट्रिकलपेक्षा मोठा, तरी प्रत्येक ठोक्याला वर जाणारं कॅल्शियम कमी.

इथं माझं एक ठाम मत सांगतो. कॅल्शियम वर कसं जातं यावर आपण अख्खं लेक्चर घालतो आणि खाली कसं येतं ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो, हे उलटं व्हायला पाहिजे. ओपीडीत दम लागलाय म्हणून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत कितीतरी जणांचं हृदय दाबतं चांगलं, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तातलं एका ठोक्यात बाहेर फेकलं जाणारं, साठ टक्के, पण सैल पडत नाही. सैल पडायला कॅल्शियम खाली यावं लागतं आणि त्याला दोन मुख्य रस्ते, एक सर्का पंपानं परत एसआरमधे आणि दुसरा सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजरनं पेशीबाहेर. उंदराच्या व्हेंट्रिकलमधे ९२ टक्के सर्का आणि ७ टक्के एक्स्चेंजर, सशात साधारण ७० आणि २८, आणि माणूस या बाबतीत सशाच्या जवळचा. म्हणून उंदरावरचा पेपर वाचताना हे डोक्यात ठेवत जा, त्याचं हृदय मिनिटाला तीनशेच्या पुढं चालतं, त्याचा हिशोब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता आजी. निरोगी हृदयात व्हेंट्रिकलच्या भरण्यात एट्रियमच्या त्या शेवटच्या ढकल्याचा वाटा वीस ते तीस टक्के धरतात. मायट्रल व्हॉल्व्ह आखडला की रक्त खाली उतरायला वेळ जास्त लागतो आणि वरून जोर जास्त लावावा लागतो, डावं एट्रियम वर्षानुवर्षं ताणून ताणून मोठं होतं. मग त्यात फिब्रिलेशन सुरू होतं, म्हणजे एट्रियमच्या पेशी मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा वेड्यावाकड्या पेटतात. एवढ्या वेळा पेटल्यावर दर वेळी कॅल्शियम आत येतंय, बाहेर जायला वेळ मिळेना. पेशी स्वतःला वाचवायला काय करते तर एल-टाइप चॅनलच कमी करते. पेशी वाचते पण दोन नुकसान होतात. एक, कॅल्शियम कमी आल्यानं आकुंचन मरगळतं. दुसरं, ॲक्शन पोटेन्शियल अजून आखूड होतो, आखूड झाला की विजेला गोल गोल फिरायला सोपं जातं आणि फिब्रिलेशन पक्कं होत जातं. नेदरलँड्समधे मास्ट्रिख्टला विफेल्स आणि अलेसी यांनी शेळ्यांवर हे १९९५ मधे दाखवलं, एट्रियमला मुद्दाम फिब्रिलेशनमधे ठेवत गेलं की ते दिवसेंदिवस जास्त वेळ टिकायला लागतं. त्यात जे थोडे टी-ट्यूब्यूल असतात तेही कमी होतात आणि रायनोडिन रिसेप्टर गळायला लागतात, ते गळलेलं कॅल्शियम एक्स्चेंजरवाटे बाहेर जाताना उलट सोडियम आत आणतं, त्यातून अवेळी ठोके पेटतात.

यातला व्यवहाराचा भाग असा की शॉक देऊन ठोका नियमित झाला, ईसीजीवर पी वेव्ह (एट्रियम नीट पेटल्याची खूण) दिसायला लागली, तरी एट्रियमचं आकुंचन लगेच परत येत नाही. वीज सुधारते पण कॅल्शियमची यंत्रणा सुधारायला दिवस, कधी आठवडे लागतात, तेवढ्या काळात रक्त साचून डाव्या एट्रियमच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात गाठ होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊ शकते. म्हणून शॉकनंतर निदान चार आठवडे रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवतात, माणूस ठणठणीत दिसला तरी. आजीचं तर व्हॉल्व्ह आखडून झालेलं फिब्रिलेशन आहे, त्यात ती गोळी कायमचीच लागते, आणि अशा पेशंटमधे जुनी वॉरफरीनच्या जातीची गोळी नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा सरस ठरली, २०२२ च्या इनव्हिक्टस ट्रायलमधे. तू औषधांत डिगॉक्सिन आणि लघवीची गोळी दोनच लिहिलीस. रक्त पातळ करायची गोळी चालू नसेल तर दुधाच्या आधी हे विचार, आणि चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, कधी केली ते बघ.

बाकी कप्प्यांचं पटकन सांगतो. उजव्या व्हेंट्रिकलला फुफ्फुसापुरता दाब लागतो, पंचवीसच्या आसपास, भिंत पातळ, आणि उंदरांत त्याच्या पेशींतली कॅल्शियमची वाढ डाव्यापेक्षा लहान दिसते. त्याला अचानक जास्त दाब झेपत नाही, खेड्यात वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बायकांत फुफ्फुसाचा दाब वाढून पाय सुजतात ते याच कप्प्याचं दुखणं. डाव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीतसुद्धा आतला थर आणि बाहेरचा थर सारखे नाहीत, बाहेरच्याचा ॲक्शन पोटेन्शियल आखूड असतो, तो आधी मोकळा होतो, ईसीजीत टी वेव्ह सरळ उभी दिसते ती त्यामुळं. हार्ट फेल्युअरमधे सर्का कमी पडतो आणि रायनोडिन गळतं, म्हणून सर्काचं जीन सोडून बघितलं होतं, कपिड-२ ट्रायल, २०१५ मधे निकाल आला, फायदा दिसला नाही. कल्पना मला अजूनही बरोबर वाटते, पेशींपर्यंत जीन पुरेसं पोचवणं अवघड आहे.

औषधांकडं येऊ. वरचे खालचे कप्पे जोडणारा ए-व्ही नोड आहे, त्याच्या पेशी पेटायलाच एल-टाइप कॅल्शियम लागतं, सोडियम नाही. म्हणून डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल ही कॅल्शियम चॅनल बंद करणारी औषधं दिली की नोड मंदावतो आणि एट्रियममधली साडेतीनशेची गर्दी खाली सगळी उतरत नाही. अम्लोडिपिनसुद्धा कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच, पण त्याचा जोर रक्तवाहिन्यांवर, त्यानं ठोके कमी होत नाहीत, बीपीची गोळी चालू आहे म्हणजे ठोका सांभाळला जाईल असं समजू नका. आणि व्हेंट्रिकलच कमजोर असेल तर डिल्टियाझेम व्हेरापॅमिल टाळतात, कारण तिथलं आधीच कमी पडणारं कॅल्शियम आणखी कमी होतं. आजीसारख्या पेशंटला ठोके सावकाश ठेवणं हीच मोठी गोष्ट, ठोका सावकाश म्हणजे मधे वेळ जास्त, आखडलेल्या व्हॉल्व्हमधून रक्त उतरायला वेळ मिळतो. ठोके दीडशेवर गेले की रात्रीतून फुफ्फुसात पाणी भरतं.

डिगॉक्सिन दोन जागी काम करतं. व्हेगस नर्व्हच्या मार्फत ए-व्ही नोड मंद करतं, आजीला मुख्यतः त्यासाठी दिलंय. आणि पेशीवरचा सोडियम-पोटॅशियम पंप थोडा बंद करतं, त्यानं पेशीत सोडियम साचतं, सोडियम साचलं की एक्स्चेंजर कॅल्शियम नीट बाहेर काढू शकत नाही, ते एसआरमधे जाऊन साठा वाढवतं आणि आकुंचन जोरदार होतं. इंग्रज डॉक्टर विदरिंगनं १७८५ मधे ज्या फॉक्सग्लोव्ह झाडाबद्दल लिहिलं त्याच जातीतलं हे औषध. फायदा आणि विषबाधा यात अंतर फार थोडं, कारण दोन्ही एकाच रस्त्यानं येतात, साठा प्रमाणाबाहेर भरला की तो आपोआप सांडायला लागतो आणि अवेळी ठोके सुरू होतात.

म्हणून कॅल्शियमच्या गोळीचं: रोजची नेहमीच्या डोसची गोळी बहुतेकांना चालते, पण डिगॉक्सिन लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगून आणि एकदा रक्तातलं कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून सुरू करा. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, ती कुणी रोज घ्यायला लागलं तर कॅल्शियम खरंच वाढतं आणि डिगॉक्सिनवरच्या माणसाला ते धोक्याचं आहे, घरात ती पुडी असेल तर हे बघच. लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरतं, पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन पंपाला जास्त चिकटतं. आणि आपल्याकडं एप्रिल मेच्या उन्हात जुलाब लागले, पाणी कमी प्यायलं गेलं, की किडनी मंदावते आणि डिगॉक्सिन शरीरातच साचतं, तेव्हा तोच डोस जास्त होतो. आजीला जेवण नकोसं वाटणं, मळमळ, उलट्या, पिवळसर दिसणं, नाडी एकदम साठच्या खाली जाणं यातलं काहीही झालं तर पित्त झालं म्हणून घरी थांबू नका, पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी ईसीजी, पोटॅशियम, क्रिएटिनिन करून घ्या.